पिवळ्या हेल्मेटचा मान

दाजी गेल्याचं मला विश्रामने कळवलं. हे आधी सांगतो, कारण विश्राम आणि मी एकमेकांना फोन करत नाही. नंबर दोघांकडे आहे, पण करत नाही. सकाळी दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या घराच्या बाल्कनीत मी तुळशीला पाणी घालत होतो, आणि फोनवर त्याचं नाव उमटलं. लगेच उचलला नाही. वाजू दिला... मग वाटलं, हा माणूस उगाच करणार नाही. "गोपाळा, दाजी गेले रे. पहाटे, झोपेत," तो म्हणाला. मी "बरं" म्हणालो. अशा वेळी दुसरं काय म्हणतात ते मला माहीत नाही. मग त्याने घसा खाकरला आणि म्हणाला, "नारळाचं काय ते मागाहून बघू." मी म्हटलं, "बघायचं काय त्यात?" आणि फोन ठेवला. तिकडे डोंगरापलीकडच्या खोर फक्कानला दाजींना अजून खाली उतरवलं नसेल, आणि आम्ही दोन म्हातारे त्यांच्या हातातल्या नारळाकडे बघायला लागलो होतो.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. शटरिंगचा सुतार म्हणून या देशात आलो, फोरमन होऊन थांबलो, आता मुलाच्या व्हिसावर राहतो. पेपरासाठी हे लिहिलंय मीच. सूनबाई नेहाने ऱ्हस्व-दीर्घ तेवढं बघितलं. तिला यातली काही वाक्यं काढायची होती, ती मी काढू दिलेली नाहीत.

नारळाचं आधी सांगायला हवं, नाहीतर पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळणार नाही. आमच्या तळकोकणात कुठल्याही चांगल्या कामाच्या आधी एकजण नारळ हातात धरून देवाला गाऱ्हाणं घालतो. "बा देवा महाराजा" म्हणून सुरुवात करतो, गावातल्या घराघराचं नाव घेतो, सगळ्यांचं बरं कर म्हणतो, आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला "होय महाराजा" म्हणतात. हे कुणी करायचं, तो मान ठरलेला असतो. आमच्या गावात तो मान वरच्या वाडीचा, म्हणजे आमच्या घराचा आहे. खालच्या वाडीतलं विश्रामचं घर म्हणतं, त्यांचा आहे. ते चूक आहेत. पण या वादात देवळाला टाळं लागलं, पालखी आत धूळ खात राहिली आणि तारखा पडत राहिल्या. कोकणातल्या माणसाला हे नवीन नाही. इथे आखातात आम्ही दोन्ही वाड्यांची पोरं एकाच कॅम्पात राहायचो, एकाच पातेल्यातलं जेवायचो. थंडीच्या दिवसांत सगळ्यांनी एकदा जमून एक नारळ ठेवावा असं ठरलं. नारळ आणला, मधोमध ठेवला, आणि माझा आणि विश्रामचा हात एकाच वेळी त्याच्यावर पडला. दोघांचीही मनगटं त्या काळात मजबूत होती. कुणी सोडेना.

दाजी तेव्हा कोपऱ्यात कांदे सोलत बसले होते. ते मूळचे आमच्या गावचे नव्हेत, घाटावरचे. आमच्या गावच्या शेवंतीशी लग्न करून सासऱ्याकडे राहिले, म्हणून वाडीतले म्हातारेकोतारे सोडले तर सगळं गाव त्यांना दाजीच म्हणायचं, आणि ते आम्हा सगळ्यांना मेव्हणे. घरजावयाला गावात कसला मान... मी वैतागून म्हणालो, "त्या दाजींच्या हातात द्या नारळ. त्यांच्या घराला काहीच मान नाही, म्हणजे कुणाचाच मान जायचा नाही." सगळे हसले. दाजी उठले, हात धुतले, डोळे कांद्याने लाल. डोक्यावर काहीतरी हवं म्हणून टोपी शोधली, तर टोपी कुणाकडेच नव्हती. तेव्हा त्यांनी खुंटीवरचं स्वतःचं पिवळं हेल्मेट घातलं. ते बंदरावर कंटेनर बांधणाऱ्या गँगमध्ये होते, तिथलं ते हेल्मेट. आणि घाटावरच्या बोलीत मालवणी मिसळून त्यांनी असं गाऱ्हाणं घातलं की हसणारे गप्प झाले. त्या दिवसापासून नारळ त्यांचा आणि हेल्मेट ठरलेलं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण लोक विसरतात. दाजींना राजा मी केला.

राजा हा शब्द मात्र माझा नाही, तो नेहाचा. ती इथल्या ब्रिटिश पद्धतीच्या शाळेत समाजशास्त्र शिकवते. दाजी एकदा डोळे दाखवायला दुबईला आले आणि आमच्याकडे मुक्काम केला. नेहा टेबलावर वही-लॅपटॉप पसरून उद्याच्या तासाची तयारी करत होती. मी विचारलं, काय एवढं. ती म्हणाली, "इंग्लंडच्या राजाचं काम काय, ते मुलांना शिकवायचंय. मुलं विचारतात, मिस, तो काहीच करत नाही तर त्याला ठेवलाय कशाला?" मी म्हटलं, मुलं शहाणी आहेत. आम्ही ज्या देशात राहतो तिथेही राज्यकर्ते आहेत, त्यांची रीत वेगळी, त्यावर मी बोलणारा कोण. पण आपल्याकडे संस्थानं खालसा झाली आणि कुणाचं काही अडलं नाही. नेहा हसली. "बाबा, आपणही राष्ट्रपतींची खुर्ची ठेवलीच ना. राज्य पंतप्रधान करतात आणि सही राष्ट्रपतींची लागते." मग तिने त्या राजाचं सगळं नीट उलगडून सांगितलं. राजा मत देत नाही. निवडणुकीत जो जिंकतो त्याला बोलावून तो कारभार हातात देतो. दरवर्षी सगळ्या सभेसमोर बसून तो भाषण वाचतो, पण ते भाषण लिहितं सरकार. त्याला पटो न पटो, 'माझं सरकार असं असं करणार' म्हणून सरळ चेहऱ्याने वाचायचं. प्रधानाला तो एकांतात विचारू शकतो, धीर देऊ शकतो, सावध करू शकतो. त्यापुढे नाही. आणि हे सगळं एका पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही, बरंचसं रिवाजावर चालतं.

दाजींनी चहाची बशी खाली ठेवली. "सूनबाई, त्याला राग आला तर?"

"राग आला तरी दाखवायचा नाही, काका."

"मग झोप कशी लागते त्याला?"

नेहा हसायला लागली. पण मला तेव्हा लक्षात आलं की दाजी विनोद करत नव्हते. कारण आमच्या नारळाची रीत हुबेहूब तीच बनली होती, कुणी न ठरवता. दरवर्षी आम्ही हात वर करून एक कारभारी निवडतो. वर्षभर काय करायचं, कुणाला मदत करायची, गावच्या शाळेचं काय, हे तो आणि बाकीचे मिळून ठरवतात. दाजी त्यात हात वर करत नसत. 'ज्याच्या हातात नारळ, त्याच्या तोंडात मत नाही,' हे त्यांचंच वाक्य. आणि कारभाऱ्याने जे ठरवलं ते दाजी गाऱ्हाण्यात देवासमोर बोलत, स्वतःचं असल्यासारखं. नेहा म्हणाली, "म्हणजे तुम्ही घटनात्मक राजे आहात, काका." आणि वर तिने हेही सांगितलं की इंग्लंडचं राजघराणंसुद्धा एके काळी जर्मनीहून आणलेलं. मी म्हटलं, "म्हणजे तिकडेही घरजावईच." दाजी इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मला मात्र पटलं नव्हतं आणि मी तसं बोललो. कारभारी आहे, मतदान आहे, मग वर हा बाहुला कशाला? तेव्हा दाजी जे बोलले ते मी इथे जसंच्या तसं लिहितो. "मेव्हणे, कारभारी जिंकून येतो. जिंकलेल्या माणसाला हरलेल्यांचं गाऱ्हाणं घालता येत नाही. त्याच्या तोंडून ते खोटं वाटतं." मी म्हटलं, मला येईल घालता. ते म्हणाले, "येईल की... कधीतरी घालून बघा."

याचा अर्थ मला त्यांनी दाखवला तो मी कारभारी होतो त्या वर्षी. तोवर वरच्या वाडीचे आम्ही बरेचजण दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कच्या आसपास कामाला आणि राहायला होतो, आणि खालच्या वाडीचे जवळजवळ सगळे खोर फक्कानच्या बंदरावर. दाजीही तिथेच, त्यांच्यातच, विश्रामच्या शेजारच्या खोलीत. नारळ कायम दुबईत व्हायचा. खोर फक्कानवाल्यांचं म्हणणं, एक वर्षाआड आमच्याकडे करा. मी मतदान घेतलं. आमची माणसं जास्त, ठराव झाला की नारळ दुबईतच होणार, कायम. नियमाने झाला, आणि तो ठराव बरोबर होता हे माझं आजही मत आहे, कारण निम्म्याहून जास्त माणसं इकडे होती. खोर फक्कानवाले बिथरले. विश्राम म्हणाला, आम्ही आमचा वेगळा नारळ ठेवतो, आणि दाजी आमच्यात राहतात, ते आमचं गाऱ्हाणं घालतील. इकडे आमच्यातले म्हणाले, दाजींनी त्यांना चार शब्द सुनवावेत. दाजींनी दोन्ही केलं नाही. विश्रामला म्हणाले, "नारळ एकच." आणि मला भेटायला ते सुट्टीच्या दिवशी बसने डोंगर ओलांडून आले.

आम्ही मेसखालच्या कॅफेटेरियात कडक चहा घेतला. दाजींनी ठराव चूक आहे असं एकदाही म्हटलं नाही. एवढंच म्हणाले, "तुम्ही सांगाल ते मी बोलणार. फक्त विचारतो मेव्हणे, ही पोरं रात्रपाळी संपवून तशीच गाडीत बसून इकडे येतात. तुम्ही कधी उलटे तिकडे गेलायत का?" मी म्हटलं, "दाजी, खलास. मतदान झालं." ते म्हणाले, "झालं, हे बरोबर." पुढच्या आठवड्यात पुन्हा आले, पुन्हा तोच चहा, पुन्हा तेच विचारलं वेगळ्या शब्दांत. मी पुन्हा तेच उत्तर दिलं. आमच्या घरात एकदा दिलेलं उत्तर बदलायची पद्धत नाही. जाताना म्हणाले, "सावध करायचं तेवढं केलं. आता तुमचं काम तुमचं, माझं माझं."

नारळाच्या दिवशी खोर फक्कानहून दाजी एकटेच आले. मेसच्या हॉलमध्ये खालच्या वाडीच्या जागा रिकाम्या होत्या. त्यांनी हेल्मेट घातलं, नारळ उचलला. मी टक लावून बघत होतो, की ठरावापाशी येताना यांचा आवाज पडतो का. ज्यांच्यात जेवायचं, ज्यांच्यात झोपायचं, त्यांच्या विरुद्धचा ठराव. आवाज पडला नाही. नारळ दुबईतच होणार, कायम, असं त्यांनी खणखणीत सांगितलं आणि आम्ही "होय महाराजा" म्हटलं. मग त्यांनी गाऱ्हाण्याचा शेवट घेतला. तो भाग रिवाजाचा, तिथे कारभाऱ्याचं चालत नाही. "जो हय इलो तेका सांभाळ, जो ड्युटीर आसा तेका सांभाळ, जो रागान घराकडे बसलो आसा तेकाय सांभाळ रे महाराजा." दरवर्षीचंच वाक्य. पण त्या दिवशी 'रागान घराकडे बसलो' म्हणताना त्यांनी रिकाम्या सतरंजीकडे हात केला... आणि आमच्यातल्यांचं "होय महाराजा" जरा उशिरा आलं. माझं वेळेवर आलं. नारळ मात्र त्यांनी फोडला नाही. म्हणाले, अर्धी माणसं इथे नाहीत, अर्धा नारळ कसा फोडू. पिशवीत घालून घेऊन गेले. तिकडे विश्रामच्या हातून फोडवला, आणि त्यातलं एक भकल एका ट्रेलरवाल्याबरोबर माझ्याकडे पाठवून दिलं. खोबरं ओलं होतं. नेहाने त्याची चटणी केली.

पुढल्या वर्षी खोर फक्कानवाले आले, तावातावाने आले, पण आले, आणि एक वर्षाआडचा ठराव पुन्हा मांडला. आमच्यातलेच काही फुटले आणि ठराव झाला. मी विरोधात मत दिलं आणि हरलो. तरीही त्यापुढच्या नारळाला मी खोर फक्कानला गेलो, दाजींच्या इमारतीच्या गच्चीवर, जिथून बंदराच्या क्रेन दिसतात. मी हरलेला होतो, तोंड आंबट करून मागे उभा होतो. आणि 'जो रागान' या वाक्याला दाजींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याबद्दल मी त्यांना आजही मानतो. दुसरा कुणी असता तर बघितलं असतं. मी तरी नक्की बघितलं असतं.

असा माणूस गेला. दाजींच्या मुलाने त्यांना विमानाने गावी नेलं. मी गुडघ्यांमुळे गेलो नाही, व्हिडिओ बघितला. पालखीला खांदा कुणी द्यायचा यावरून वर्षानुवर्षं भांडणारी दोन्ही वाड्यांची माणसं दाजींना मात्र न विचारता आळीपाळीने खांदा देत होती. कुणी पुढे, कुणी मागे, कुणी विचारत नव्हतं. मी तो व्हिडिओ पुन्हा लावून बघितला. मग फोन सुरू झाले. वरच्या वाडीचे म्हणाले, गोपाळकाका, आता मूळ मानावर या, नारळ तुम्ही घ्या. तिकडे विश्रामला त्याच्या माणसांनी तेच सांगितलं. यंदाचा नारळ खोर फक्कानचा होता, म्हणजे घर त्याचं. एकाने तर मला सांगितलं की दोन नारळांची तयारी चाललीय. दाजींनी इतकी वर्षं एक ठेवलेली वस्तू ते गेल्या गेल्या दोन होणार, हे मला दिसत होतं. आणि तरीही, खरं लिहायचं तर, मला तो नारळ हवा होता. मान आमचा आहे. माझ्या वडिलांनी तो हातात धरलेला मी पाहिलाय.

दिवसकार्य उरकून शेवंती मुलाबरोबर परत आली तेव्हा मी भेटायला गेलो. मुलाने मला दाजींच्या खोलीत बसवलं. साधी खोली. कॉट, भिंतीवर देवाचा फोटो, औषधांचा डबा, आणि खिळ्याला ते पिवळं हेल्मेट. बंदरावर नवी आली, रंग बदलले, तरी दाजींनी हे परत केलं नव्हतं. ऊन खाऊन पिवळ्याचं भगव्यासारखं काहीतरी झालेलं. शेवंती आत चहा करत होती. मी उठलो, हेल्मेट काढलं आणि डोक्यावर घातलं. जरा सैल होतं. त्याला मागे एक चक्री असते, फिरवली की आतला पट्टा आवळतो. फिरवली. बरोबर बसलं. मग हातात काहीतरी हवं म्हणून औषधांचा डबाच धरला आणि हळू आवाजात सुरू केलं. गाऱ्हाणं मला सगळं पाठ आहे, वडिलांचं ऐकून आणि दाजींचं ऐकून. देवाचं झालं, गावाचं झालं, पहिलं नाव आमच्या घराचं, ते झालं. दुसरं नाव विश्रामच्या घराचं. त्यांच्या घराला सुखी ठेव, त्यांच्या पोराबाळांना यश दे... आणि तिथे माझी जीभ उचलेना. म्हणता येत नव्हतं असं नाही. शब्द तोंडापर्यंत आले होते. पण मला माहीत होतं की ते खोटे वाटतील. भिंतीलाही वाटले असते.

मागे वळलो तर दारात शेवंती, हातात चहाचा ट्रे. तिने ट्रे कॉटवर ठेवला आणि म्हणाली, "दादा, बसला मां?"

"डोक्याक बसला गो," मी म्हटलं. "जिभेक बसणा नाय."

ती बसली. कप माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "ह्येंका तरी खंय सोपा होता? सगळ्यांची नावां घेय, पण तुझा नाव इला की आवंढो गिळीत. घराक मान नाय म्हणालेलंस मां तू, सगळ्यांदेखत. तां लागला होता तेंका."

मी म्हटलं, मी खरं तेच बोललो होतो.

"खराच होता ता. म्हणान तर लागला," ती म्हणाली. "मगे एका वर्षी माका म्हणाले, जा कठीण आसा ता पयला घेतंय, मगे बाकीचा सोपा जाता. म्हणान तुझा नाव पयला."

चहा निवत होता. इतकी वर्षं दाजी प्रत्येक गाऱ्हाण्यात पहिलं नाव आमच्या घराचं घ्यायचे. इतकी वर्षं मी ताठ मानेने "होय महाराजा" म्हणायचो, आणि विश्रामकडे एकदा बघून घ्यायचो, की बघ, घरजावयालाही कळतं मान कुणाचा... मी हेल्मेट काढलं. चक्री पुन्हा सैल केली, दाजींच्या मापाची. खिळ्याला लावलं. शेवंतीने चहा परत गरम करून आणला, तो प्यालो.

विश्रामची खोली शेजारीच. मी दार वाजवलं. त्याने उघडलं आणि दारातच उभा राहिला, आत ये म्हणाला नाही. मी म्हटलं, "नारळ मी घेत नाही." त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला, तो मी लगेच घालवला. "तूही घ्यायचा नाहीस. तुझ्या तोंडातून माझ्या घराचं नाव निघेल काय? खरं सांग." त्याने दाराची कडी दोनदा खालीवर केली. मग म्हणाला, "नाव निघेल. बरं कर म्हणायचं जमणार नाही." मी म्हटलं, "माझंही तेच." आमचं दोघांचं एवढं एकमत आयुष्यात झालं नव्हतं. तेव्हा त्याने आत ये म्हटलं.

गावचा जावई शोधायचा, हे मी म्हटलं. प्रशांत, हे त्याने म्हटलं. हा मुलगा वर्ध्याकडचा, आमच्या गावची मुलगी केलेला, इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कंपनीत संगणकाचं काम बघतो. ना वरच्या वाडीचा, ना खालच्या. विश्रामला नाव सुचवूनही शंका होतीच. "मासे खात नाही रे तो." मी म्हटलं, दाजी तरी आले तेव्हा कुठे खात होते, वासाने अंगणात जेवायचे. प्रशांतला बोलावून सांगितलं तर तो घाबरलाच. "काका, मले नाही जमत ना हे. मले मालवणी समजते, बोलता कुठं येते." मी म्हटलं, देवाला वऱ्हाडी कळत नाही असं कुणी सांगितलं तुला. मग अट सांगितली, की ज्याच्या हातात नारळ त्याच्या तोंडात मत नाही, वर्षभर कुणाच्या बाजूने बोलायचं नाही, व्हॉट्सॲपवर अंगठासुद्धा दाखवायचा नाही. तो म्हणाला, "म्हणजे ग्रुपचा ॲडमिन, पण म्युट." हे मला नीटसं कळलं नाही. नेहाला कळलं, ती फार हसली.

मग महिनाभर मी त्याला शिकवलं. तो ऑफिस सुटलं की यायचा, माझा आवाज फोनवर भरून घ्यायचा, गाडी चालवताना लावायचा. चुकला की मी ओरडायचो. आवाज पडतोय, नाकात बोलू नकोस, देवाशी बोलतोयस, मीटिंगमध्ये नाही. एकदा त्याने गाऱ्हाणं लिहून घेतलेली फाइल धाडकन मिटली आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी परत आला. मधेच गावाहून आमच्या पुतण्याचा फोन आला, की तिकडे देवळाबाबत दोन्ही बाजू बसून बोलणार आहेत, दाजींना खांदा दिल्यापासून वारं जरा बदललंय, तर तुमची आखातातली रीत लिहून पाठवा. नेहा लगेच लिहायला बसली. मी तिला थांबवलं. लिहिलं की तो कागद वकिलाकडे जाणार. म्हटलं, कुणाला तरी इकडे पाठवा, नारळाला येऊन बसा, बघा आणि जा. ते दोघं येणार म्हणालेत, इन्शाल्ला. वरच्या वाडीचा एक आणि खालच्या वाडीचा एक. तिकिटं वेगवेगळी काढतायत, पण येतायत. यंदा जमलं नाही, पुढच्या थंडीत येतील. देऊळ उघडेल की नाही ते मी सांगू शकत नाही, पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलंय, कसं करता म्हणून.

आदल्या दिवशी प्रशांतने मला विचारलं, "काका, नावं कोणत्या क्रमानं घ्यायची?" मला एक क्षण वाटलं, सांगावं की पहिलं आमच्या घराचं, तसा रिवाज आहे. रिवाज तर होताच. पण मी म्हटलं, "ते तुझं तू ठरव. दाजींची रीत एवढीच, की ज्याचं नाव घेणं कठीण जातं ते आधी घ्यायचं." तो मान हलवून गेला.

नारळ त्याच गच्चीवर झाला. खालून बंदराचा आवाज येत होता, समुद्रावरून वारा होता, दोन्ही वाड्यांची माणसं एकाच सतरंजीवर दाटीने बसलेली. शेवंतीने खोलीतून हेल्मेट आणलं आणि प्रशांतच्या हातात दिलं. त्याचं डोकं लहान. हेल्मेट डोळ्यांवर आलं, पोरं फिदीफिदी हसली. त्याने हात मागे नेऊन चक्री फिरवली. बसलं. मग नारळ उचलला आणि "बा देवा महाराजा" म्हणाला, वऱ्हाडी हेल काढून, आणि थांबला. इतका वेळ थांबला की मला वाटलं, विसरला. नंतर त्याने आवंढा गिळला आणि पहिलं नाव घेतलं. गोपाळकाकांचं घर.

शेजारी विश्राम होता. तो माझ्याकडे वळून पुटपुटला, "अजूनही पहिला नाव तुमचाच. मान काय सुटत नाय तुमचो." मी त्याला खरं कारण सांगितलं नाही. तो हा पेपर वाचत नाही, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही. सगळ्यांचं "होय महाराजा" झालं, त्यात माझंही होतं. मग प्रशांतने दुसरं नाव घेतलं, विश्रामच्या घराचं, त्यांना सुखी ठेव, त्यांच्या पोराबाळांना यश दे रे महाराजा... आणि त्यालाही मी होय म्हटलं. दुसऱ्याने म्हटलेल्याला होय म्हणायला माझी जीभ उचलते. दाजी हेच सांगत होते बहुतेक.

हेल्मेट आता प्रशांतने न्यावं असं सगळे म्हणत होते. तो नको म्हणाला. ते त्याच खोलीत, त्याच खिळ्याला आहे. जाताना त्याने चक्री पुन्हा सैल करून ठेवली.